दंतशंख

दंतशंख हे मृदुकाय संघाच्या नौकापाद अर्थात स्कॅफोपोडा या वर्गातील सागरी प्राणी होत. हत्तीच्या सुळ्यासारखे किंचित बाकदार, एका टोकाकडे निमुळते होत गेलेले आणि दोन्ही टोकांना उघडे असलेले नळीसारखे कवच ही त्यांची ठळक खूण आहे. या वर्गात आज हयात असलेल्या सुमारे ५०० ते ६०० जाती ज्ञात आहेत. त्या सर्व समुद्रातच राहतात. गोड्या पाण्यात किंवा जमिनीवर एकही जाती आढळत नाही. काही जातींचे कवच जेमतेम काही मिलिमीटर लांबीचे असते, तर मोठ्या जातींचे सुमारे १५ सेंटिमीटरपर्यंत भरते. उथळ किनाऱ्यापासून कित्येक हजार मीटर खोलीपर्यंत, जेथे तळाशी वाळू किंवा चिखल असेल तेथे हे प्राणी स्वतःला गाडून घेऊन राहतात.

संख्येने लहान असलेल्या या वर्गाला प्राणिशास्त्रात जे महत्त्व आहे ते मुख्यतः वर्गीकरणाच्या दृष्टीने. दंतशंखाला कोठे ठेवावे या प्रश्नाचे उत्तर गेल्या अडीचशे वर्षांत अनेकदा बदलले. कृमी, गोगलगाय, शिंपला आणि माकूल या चारही प्राण्यांचा तो आप्त ठरवला गेला आहे.

नाव

मराठीत ‘शंख’ हा शब्द काटेकोरपणे पाहता वेटोळ्याच्या कवचाला लावतात. दंतशंखाच्या कवचाला वेटोळे नाही, शिंपल्यासारखी दोन पुटे नाहीत आणि दाताशी तर त्याचा काहीच संबंध नाही. हे नाव केवळ बाह्य आकारावर बेतलेले आहे. ‘डेंटॅलियम’ हे जुने शास्त्रीय नावही ‘दात’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच आले आहे. वर्गाचे ‘स्कॅफोपोडा’ हे नाव मात्र कवचावरून नव्हे, तर प्राण्याच्या पायावरून दिलेले आहे. होडी आणि पाय या अर्थाचे दोन ग्रीक शब्द त्यात जोडलेले असून ‘नौकापाद’ हा त्याचा सरळ मराठी प्रतिशब्द होय.

शरीररचना व जीवनक्रम

दंतशंख वाळूत डोके खाली करून तिरका गाडलेला असतो. कवचाचे रुंद टोक खाली असते. त्यातून पाय आणि डोक्याचा भाग बाहेर येतो. निमुळते टोक वाळूच्या पृष्ठभागाशी किंवा किंचित वर राहते आणि श्वसनासाठी लागणारे पाणी मुख्यतः त्याच टोकातून आत-बाहेर होते. सुळ्याची अंतर्गोल बाजू ही प्राण्याची पाठ आणि बहिर्गोल बाजू हे पोट. चित्र पाहताना विद्यार्थ्यांची येथे हमखास गल्लत होते, कारण निमुळत्या टोकालाच तोंड असावे असे सहज वाटते.

या प्राण्याला डोळे नाहीत आणि कल्लेही नाहीत. शरीराभोवती असलेल्या प्रावाराच्या आतील पृष्ठभागातूनच प्राणवायू शोषला जातो. हृदयाची रचनाही अगदी साधी राहिलेली आहे. याउलट अन्न मिळवण्याची त्याची साधने खास आहेत. डोक्याजवळून निघणारे अनेक बारीक तंतू वाळूच्या कणांमध्ये शिरून चाचपणी करतात. त्यांची टोके फुगीर व चिकट असून तेथे सूक्ष्म केसांसारख्या पक्ष्माभिका असतात. या पकडतंतूंनी फोरॅमिनीफेरा नावाचे सूक्ष्म कवचधारी एकपेशीय जीव आणि इतर बारीकसारीक भक्ष्य तोंडाकडे आणले जाते. त्यांचे चुनखडी कवच फोडण्याचे काम रेत्रिका, म्हणजे दातांच्या ओळी असलेली जिभेसारखी पट्टी करते. शरीराच्या मानाने दंतशंखाची रेत्रिका बरीच मोठी आणि भक्कम असते.

नर व मादी वेगवेगळे असतात. अंडी व शुक्रपेशी पाण्यात सोडल्या जातात आणि फलन शरीराबाहेर होते. अंड्यातून निघणारा डिंभ प्रथम ट्रोकोफोर आणि नंतर व्हेलिजर या अवस्थांतून जातो. वाढीच्या ओघात प्रावाराच्या कडा पोटाच्या बाजूला एकमेकींना जुळतात आणि त्यातून नळी तयार होते. पुढे कवच रुंद टोकाकडे वाढत जाते. निमुळत्या टोकाचा जुना भाग मात्र झिजवून किंवा विरघळवून टाकला जातो, नाही तर मोठ्या झालेल्या प्राण्याला पाणी घेण्यास ते छिद्र अपुरे पडले असते.

मृदुकाय संघातील स्थान

प्राणिसृष्टीची विभागणी संघ, वर्ग, गण, कुल, वंश आणि जाती अशी उतरत्या क्रमाने केली जाते. (वृत्तपत्रांत ‘प्रजाती’ हा शब्द हिंदीच्या अनुकरणाने सर्वात खालच्या पायरीसाठी येतो, मराठी शास्त्रीय ग्रंथांत मात्र तो तिच्या वरच्या पायरीसाठी योजलेला आढळतो. या लेखात गोंधळ टाळण्यासाठी ‘वंश’ आणि ‘जाती’ हेच शब्द वापरले आहेत.)

मृदुकाय संघात हयात प्राण्यांचे आठ वर्ग सामान्यतः मानले जातात. गोगलगाय, कवडी आणि खरे शंख ज्यात येतात तो उदरपाद वर्ग सर्वात मोठा. संघातील बहुसंख्य जाती याच एका वर्गात आहेत. तिसऱ्या, कालवे, खुबे यांचा द्विपुट वर्ग त्याच्या खालोखाल. माकूल, अष्टपाद आणि नॉटिलस यांचा शीर्षपाद वर्ग, पाठीवर आठ पट्टिका असलेल्या कायटनांचा वर्ग, आणि कवच नसलेल्या कृमिसदृश प्राण्यांचे दोन वर्ग अशी आणखी चारांची गणना होते. एकपट्टधारी हा सातवा वर्ग दीर्घकाळ केवळ जीवाश्मांवरून माहीत होता. १९५२ मध्ये ‘गॅलाथिया’ या डॅनिश संशोधन जहाजाने कोस्टा रिकाजवळच्या खोल समुद्रातून त्याचे जिवंत नमुने वर आणले. आठवा वर्ग दंतशंखांचा.

आकारावर विसंबले तर ही विभागणी पटत नाही. माकुळाला बाहेर कवच दिसत नाही, नॉटिलसचे कवच शंखासारखे गुंडाळलेले असते, तरी दोघे एकाच वर्गात. समुद्रातील लिंपेटचे कवच साध्या टोपीसारखे असूनही तो गोगलगायीचा सोयरा. वर्ग ठरतो तो कवचावरून नव्हे, तर पाय, प्रावार, मज्जासंस्था, रेत्रिका आणि वाढीचा क्रम यांच्या एकत्रित पुराव्यावरून.

वर्गीकरणाचा इतिहास

स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७५८ च्या ‘सिस्टेमा नॅचुरी’च्या दहाव्या आवृत्तीत डेंटॅलियम हा वंश स्थापन केला. आतल्या प्राण्याची फारशी माहिती नसल्याने त्यांनी कवचाचाच आधार घेतला आणि नियमित वेटोळे नसलेल्या एकपुट कवचांच्या गटात त्याची नोंद केली. त्या गटात त्याच्या एका बाजूस लिंपेट होते, तर दुसऱ्या बाजूस सर्प्युला. सर्प्युला हा मृदुकाय प्राणी नसून चुन्याची नळी बांधणारा कृमी आहे, हे आज शाळकरी विद्यार्थ्यालाही सांगता येते. पण नळीकडे पाहून नळी बांधणाऱ्याची जात ओळखणे हे काम वाटते तितके सोपे नाही. फ्रान्सचे जॉर्ज क्युव्हिए यांच्यासारख्या शरीररचनाशास्त्राच्या आद्य आचार्यांनीही डेंटॅलियमला वलयी कृमींमध्येच बसवले होते.

हा घोळ १८२५ मध्ये निस्तरला. जेरार पॉल देशे या फ्रेंच अभ्यासकाने प्राण्याचे विच्छेदन करून तो कृमी नसून मृदुकाय आहे हे दाखवून दिले आणि त्याचे नाते गोगलगायींच्या बाजूला जोडले. एकसंध कवच आणि रेत्रिका ही लक्षणे त्या मताला पोषक होती. तीन दशकांनी, १८५६–५७ मध्ये, आंरी द लाकाझ-द्युतिए यांनी दंतशंखाची रचना व वाढ यांवर विस्तृत प्रबंध प्रसिद्ध केला. भ्रूणावस्थेत प्रावाराचे दोन पदर दोन्ही बाजूंनी उतरून खाली जुळतात, डोके खुरटलेले आहे आणि पाय वाळूत खणण्यासाठी घडलेला आहे, या निरीक्षणांवरून त्यांनी हा प्राणी शिंपल्यांच्या जवळचा ठरवला. १८६२ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख गेओर्ग ब्रोन यांनी ‘स्कॅफोपोडा’ हे आज रूढ असलेले नाव दिले.

स्वतंत्र वर्ग मान्य झाला, पण भाऊबंद कोण हा वाद मिटला नाही. १९७४ मध्ये ब्रूस रनेगर आणि जॉन पोजेटा यांनी जीवाश्मांच्या आधारे शिंपले आणि दंतशंख एका लुप्त पूर्वजगटातून निघाले असे मांडले. त्या पूर्वजांचे कवच बिजागरीविना दुमडलेले होते, आणि त्यातून एका शाखेत दोन पुटे झाली, दुसरीत नळी, असा हा युक्तिवाद. २००१ मध्ये वॉनिंगर आणि हास्प्रुनार यांनी दंतशंखाच्या भ्रूणात कवच घडवणाऱ्या पेशींमधील एका प्रथिनाचा माग घेतला. शिंपल्यात कवचाची सुरुवात दोन केंद्रांतून होते, तर दंतशंखात एकाच केंद्रातून होते असे त्यांना दिसले, आणि त्यांनी शिंपल्यांशी असलेल्या नात्यावर शंका घेतली. दरम्यान काहींनी शीर्षपादांशी जवळीक सुचवली होती.

जनुकक्रमांच्या तुलनेने हा प्रश्न झटकन सुटेल अशी अपेक्षा होती. तसे झाले नाही. २०११ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मृदुकायांच्या वंशवृक्षावर दोन स्वतंत्र अभ्यास आले आणि दंतशंखाच्या जागेबाबत त्या दोहोंचे निष्कर्ष जुळले नाहीत. २०२३ मध्ये संपूर्ण जनुकसंचांच्या आधारे झालेल्या एका अभ्यासाने दंतशंख हा द्विपुट वर्गाचा भगिनीगट असल्याचे मांडले आणि मतभेदांचे कारणही सुचवले. मृदुकायांच्या मुख्य शाखा अतिप्राचीन काळी अल्पावधीत एकामागून एक फुटल्या. अशा घाईच्या काळात पूर्वजांमध्ये असलेली जनुकांची निरनिराळी रूपे शाखांमध्ये नीट वाटली जात नाहीत, आणि मग एक जनुक एक नाते सांगते तर दुसरे जनुक दुसरे. सूक्ष्मदर्शकाखाली भ्रूण पाहून लाकाझ-द्युतिए जेथे पोहोचले होते, तेथेच हा निष्कर्ष जातो. अर्थात कवचाच्या एका केंद्राचा आक्षेप त्यामुळे आपोआप खोटा ठरत नाही. तो केवळ वेगळ्या स्पष्टीकरणाची वाट पाहतो.

जीवाश्मांचा पुरावाही येथे फारसा मदतीला येत नाही. निःसंशय म्हणावेत असे दंतशंख कार्बनी कालखंडापासूनच मिळतात. त्याहून पुरातन ऑर्डोव्हिशियन काळातील नमुन्यांबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही, कारण साधी नळी कोणत्याही प्राण्याची असू शकते. म्हणजे लिनियसपुढे असलेली अडचण जीवाश्मशास्त्रज्ञांपुढे आजही तशीच उभी आहे.

गण

दंतशंखांचे दोन गण मानले जातात. डेंटॅलिडा गणातील कवच साधारणतः रुंद टोकाशीच सर्वात फुगीर असते, त्यावर पुष्कळदा लांबीच्या दिशेने कंगोरे असतात आणि पाय शंकूसारखा असून त्याला बाजूचे पदर असतात. गॅडिलिडा गणातील कवच बहुधा गुळगुळीत व लहान असते, अनेक जातींत ते मुखापासून थोडे मागे सर्वात रुंद होते आणि पाय लांबट असून टोकाला चकती असते. पूर्वी जवळपास प्रत्येक दंतशंखाचे नाव डेंटॅलियम या शब्दाने सुरू होई. आता अँटॅलिस, फिसिडेंटॅलियम, लीव्हिडेंटॅलियम असे अनेक वंश वेगळे केले आहेत. जुन्या पुस्तकातील नाव आजच्या सूचीत सापडले नाही तर बहुधा हेच कारण असते.

रिकाम्या कवचाची ओळख

किनाऱ्यावर जिवंत दंतशंख सहसा दिसत नाही, लाटांबरोबर येते ते रिकामे कवच. त्याची ओळख पटवताना तीन प्रकारे फसगत होते. पहिली, डिट्रुपा या सागरी कृमीची नळी सुळ्यासारखीच बाकदार व मोकळी असते. तिच्या नळ्या पूर्वी डेंटॅलियम म्हणूनच नोंदल्या गेल्या होत्या. दुसरी, सीसिडी या उदरपाद कुलातील चिमुकल्या गोगलगायींचे कवच वाढीनंतर वाकड्या नळीसारखे राहते. तिसरी फसगत म्हणजे कवचात सापडलेला प्राणी मूळ मालक असेलच असे नाही. संन्यासी खेकड्यांच्या काही जाती आणि सिपंक्युलिड कृमी दंतशंखाच्या रिकाम्या कवचात बिऱ्हाड करतात. दोन्ही टोके उघडी आहेत काय, कंगोरे किती, आडव्या छेदात कवच गोल आहे की बहुकोनी, आणि निमुळत्या टोकाला खाच किंवा चीर आहे काय, हे पाहून पहिला निर्णय करता येतो. वादाचा नमुना असल्यास भिंतीच्या थरांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागते.

मानवी वापर

दंतशंख हा निसर्गाने आधीच भोक पाडून दिलेला मणी आहे. पश्चिम आशियातील नाटूफी संस्कृतीच्या दफनांत, सुमारे १५,००० ते ११,५०० वर्षांपूर्वीच्या काळात, त्यांच्या माळा व शिरोभूषणे मिळाली आहेत. बलुचिस्तानातील मेहेरगढच्या नवाश्मयुगीन दफनांतही दंतशंखाचे मणी आढळले आहेत. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर व्हँकूव्हर बेटाजवळील नू-चा-नुल्थ लोक खोल पाण्यातून अँटॅलिस प्रेशिओसा ही जाती काढत. ही कवचे समुद्र कधीही न पाहिलेल्या मैदानी जमातींपर्यंत व्यापारातून जात आणि काही समाजांत लांबीनुसार मोल ठरवून चलनासारखी वापरली जात.

महाराष्ट्रातील अभ्यास

मुंबईच्या गोदीत बांधलेले ‘इन्व्हेस्टिगेटर’ हे वाफेचे जहाज १८८१ पासून भारतीय सागरी सर्वेक्षणाच्या सेवेत होते. अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागराच्या तळातून त्याने उपसलेल्या गाळातून खोल समुद्रातील असंख्य प्राणी शास्त्राला प्रथमच ज्ञात झाले. मुंबई परिसरातील सागरी मृदुकायांची यादी मेलव्हिल आणि अॅबरक्रॉम्बी यांनी १८९३ मध्ये प्रसिद्ध केली. स्वातंत्र्यानंतरच्या काळात सुब्रह्मण्यम, करंदीकर आणि मूर्ती यांनी मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकातून प्रथम द्विपुट वर्गावर (१९४९) आणि मग उदरपाद वर्गावर (१९५१–५२) सविस्तर लेख लिहिले. किनाऱ्याची ओळख करून घेणाऱ्या पुढच्या पिढ्यांना त्यांचा मोठा आधार झाला. मात्र या दोन मथळ्यांच्या मधल्या फटीत दंतशंख नेमका निसटतो. तो गोगलगायींतही बसत नाही आणि शिंपल्यांतही नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९९८ मध्ये काढलेले दीपक आपटे यांचे भारतीय शंखशिंपल्यांवरील सचित्र पुस्तक सामान्य वाचकाला सुरुवातीसाठी उपयुक्त आहे.

समुद्रापासून दूर : जाफराबाद आणि भोकरदन

जालना जिल्ह्यातील जाफराबाद हे पूर्णा आणि केळणा या नद्यांच्या संगमावरचे गाव समुद्रापासून तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. येथील विद्यार्थ्याला मृदुकाय संघाची ओळख नदीकाठीच होते. आठ वर्गांपैकी उदरपाद आणि द्विपुट हे दोनच वर्ग गोड्या पाण्यात शिरू शकले, म्हणून पूर्णेच्या पात्रात गोगलगायी आणि शिंपले मिळतील. दंतशंख, कायटन किंवा माकूल कधीच मिळणार नाहीत. पावसाळ्यात शेतात दिसणाऱ्या गोगलगायी उदरपाद वर्गातल्याच, कारण जमिनीवर येऊन राहणे त्या एका वर्गालाच साधले.

या परिसरातील खडकही समुद्राचा नाही. तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून साचलेला दख्खनचा काळा पाषाण आहे. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तळ्यांत बसलेल्या गाळाच्या थरांत विदर्भात जीवाश्म सापडतात. स्टीफन हिस्लॉप यांनी १८६० मध्ये नागपूर परिसरातील अशा थरांतून वर्णिलेले शंख गोड्या पाण्यातील गोगलगायींचे आहेत. दंतशंखांचे जीवाश्म पाहायचे तर तमिळनाडूतील अरियलूर आणि पुदुच्चेरीजवळच्या क्रिटेशियस काळातील सागरी खडकांकडे वळावे लागते.

तरीही समुद्राची कवचे या भागात पोहोचली, ती माणसाच्या हातून. जाफराबादच्या पश्चिमेस सुमारे पंचवीस किलोमीटरवर, त्याच केळणेच्या काठी, भोकरदन आहे. सांची आणि भारहूत येथील दानलेखांत ज्याचा उल्लेख येतो ते भोगवर्धन हेच. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांच्या वतीने शां. भा. देव व आर. एस. गुप्ते यांनी येथे उत्खनन केले. सातवाहनकालीन थरांतून मणी, शंखाच्या वस्तू आणि कोरीव हस्तिदंती वस्तू मिळाल्या. त्यांतील एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीची तुलना इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी केली जाते.

भोकरदनचे हस्तिदंत हे खऱ्या हत्तीच्या सुळ्याचे आहे, त्याचा दंतशंखाशी नावापलीकडे संबंध नाही. पण उत्खननात हाती येणारी पांढरी, पोकळ, नखाएवढी नळी हस्तिदंताची आहे, हाडाची आहे, मोठ्या शंखाच्या मध्यदांड्यातून कापलेली आहे, की सबंध दंतशंखाचा तुकडा आहे, हे ठरवणे पुरातत्त्वात महत्त्वाचे असते. शंख कापून मणी करायचा तर कारागीर, अवजार आणि कापणीची टाकाऊ चकती यांच्या खुणा उत्खननाच्या जागी मिळायला हव्यात. दंतशंख असेल तर केवळ किनाऱ्यावरून वेचणारा आणि वाहून आणणारा एवढेच पुरेसे. हाड व हस्तिदंत सच्छिद्र किंवा रेषायुक्त दिसतात. कापलेल्या शंखाच्या मण्यात भोक आरपार सारख्याच व्यासाचे किंवा दोन्हींकडून पाडलेले असते. दंतशंखाची पोकळी मात्र कवचाबरोबरच एका टोकाकडे निमुळती होत जाते आणि कंगोरे असल्यास ते नळीच्या पूर्ण लांबीभर धावतात.